सहा दारं, दोन विदूषक: ‘लेंड मी अ टेनर’ बसवताना

फार्स बसवायचा ठरला की नट ठरवायच्या आधी सुतार ठरवा. मी हे अनुभवाने सांगते आहे. अमेरिकन नाटककार केन लुडविग यांचं ‘लेंड मी अ टेनर’ आमच्या गावच्या हौशी नाट्यमंडळाने गेल्या वर्षी पुन्हा उभं केलं, तेव्हा स्टेज मॅनेजर मी होते. गाव ओहायोतलं, क्लीव्हलंडपासून गाडीने तासाभरावर. मंडळाने हेच नाटक बऱ्याच वर्षांपूर्वी एकदा केलं होतं. त्या नेपथ्यातले दोन फ्लॅट, म्हणजे रंगमंचावर उभ्या करायच्या खोट्या भिंती, गोदामात शिल्लक होते. त्यातलं एक दार मी जरा जोरात लावून पाहिलं तर अख्खी भिंत पडद्यासारखी हलली. तेव्हाच ठरलं, जुनं काही वापरायचं नाही.

मी मूळची सांगलीची. कॉलेजात एकांकिका स्पर्धांच्या वेळी विंगेत उभी राहून एन्ट्र्या दिल्या, पडदा ओढला, प्रॉपर्टीचं टेबल सांभाळलं. इथे येऊन तेच काम करते. अमेरिकेत राहणाऱ्या आणि स्थानिक मंडळांत काम करणाऱ्या दोन-तीन मैत्रिणींनी विचारलं की हे नाटक घ्यावं का, घेतलं तर कुठे अडतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गोष्ट थोडक्यात अशी. साल १९३४, गाव क्लीव्हलंड, जागा एका हॉटेलचा मोठा स्वीट. ऑपेरा कंपनीच्या खास प्रयोगासाठी टीटो मेरेल्ली हा जगप्रसिद्ध इटालियन टेनर, म्हणजे उंच पट्टीत गाणारा गायक, यायचा आहे. व्यवस्थापक सॉन्डर्स घायकुतीला आलाय. त्याचा हरकाम्या मदतनीस मॅक्स चोरून गाणं शिकतो, आणि सॉन्डर्सच्या मुलीवर, मॅगीवर, त्याचं प्रेम आहे. टीटो उशिरा येतो, पोट बिघडलेलं. बायको मारिया संशयी आहे. ती चिडून चिठ्ठी लिहून निघून जाते, आणि टीटोच्या पोटात गरजेपेक्षा जास्त झोपेचं औषध जातं. मॅक्सला वाटतं, टीटो मेला. मग सॉन्डर्स मॅक्सलाच रंगवून टीटो म्हणून उभा करतो. तोतयाची गोष्ट आपल्याला पेशवाईपासून ओळखीची आहे. इथे फरक एवढाच की खरा माणूस मध्येच जागा होतो, तोही तोच पोशाख चढवून बाहेर पडतो आणि थिएटरवर लोक त्यालाच तोतया समजतात. त्यानंतर त्या स्वीटमध्ये एकसारखे दिसणारे दोघे सहा दारांतून आत-बाहेर करत राहतात.

हक्क आणि कोणती संहिता

प्रयोगाचे हक्क कॉनकॉर्ड थिएट्रिकल्सकडे आहेत. पूर्वीची सॅम्युअल फ्रेंच कंपनी आता त्यांच्याकडेच आली आहे. दर प्रयोगामागे रॉयल्टी भरावी लागते आणि संहितेतला शब्दही परवानगीशिवाय बदलता येत नाही. मराठीत करायचं मनात असेल तर भाषांतराची परवानगी वेगळी मागा, आणि ती लेखी हातात येईपर्यंत एक पानही कोणाला वाटू नका. आपल्याकडे परकी गोष्ट उचलून पात्रांना मराठी नावं द्यायची सवय जुनी आहे. त्यातून चांगली नाटकं झाली हेही खरं, पण हयात लेखकाच्या नाटकाशी असं वागू नये.

संहिता मागवताना कोणती मागवताय हे नीट बघा. मूळ नाटकात टीटो व्हर्दीच्या ‘ओतेल्लो’त गाणार असतो, आणि ओतेल्लो हा काळा नायक, म्हणजे दोन गोऱ्या नटांनी चेहरा काळा रंगवायचा. आमच्या मंडळाने मागच्या वेळी तसंच केलं होतं. त्या प्रयोगाचा फोटो अजून थिएटरच्या जिन्यात आहे आणि त्याच्यापुढून जाताना मला आजही कसंतरी होतं. लुडविग यांनी पुढे स्वतःच नाटक बदललं. नव्या आवृत्तीत टीटो लेओनकावाल्लोच्या ‘पाल्याच्ची’त गातो, म्हणजे चेहरा पांढरा, विदूषकाचा. तुम्ही हीच आवृत्ती घ्या. नाटकाचं यात काहीही जात नाही, उलट सोय होते. ती कशी ते रंगभूषेत सांगते.

कोण काय करणार

चार पुरुष, चार बायका. पहिली चूक इथेच होते. सगळे टीटोसाठी जाडजूड, हातवारे करणारा नट शोधायला लागतात. १९८९ साली ब्रॉडवेवर हे नाटक आलं तेव्हा टीटो होता रॉन होलगेट, त्याला आधी संगीतिकेतल्या कामासाठी टोनी हे ब्रॉडवेचं मोठं पारितोषिक मिळालेलं होतं. मॅक्स होता व्हिक्टर गार्बर, तोही गाणारा. दोघांच्या निवडीत आधी गळा बघितला होता, हे उघड आहे. आणि त्या वर्षीचं उत्कृष्ट अभिनेत्याचं टोनी मिळालं ते सॉन्डर्स करणाऱ्या फिलिप बॉस्कोला. २०१० मध्ये स्टॅन्ली टुची यांनी म्युझिक बॉक्स थिएटरमध्ये पुन्हा बसवलं, तेव्हा सॉन्डर्स टोनी शलूबने केला. यावरून काय ते समजा: गाणारे दोघे लागतात, पण नाटकाचा दोर सॉन्डर्सच्या हातात असतो. तुमच्याकडचा सगळ्यात भक्कम नट त्या भूमिकेला द्या.

मॅक्स आणि टीटो यांची निवड जोडीने करा. दोघांना शेजारी उभं करा, मग पाठमोरं उभं करा. उंचीत दोन इंचांपेक्षा जास्त फरक नको. आमचा मॅक्स दातांचा डॉक्टर, टीटो शाळेत संगीत शिकवणारा. पोटाच्या घेरात फरक होता, तो सैल पोशाखात लपला. उंचीतला फरक कशानेच लपत नाही, कारण दोघे त्याच दारांच्या चौकटीत वारंवार दिसतात आणि प्रेक्षकांचा डोळा चौकटीवरून माप घेतो.

हॉटेलचा बेलबॉय छोटं काम आहे, पण गाण्याने वेडावलेला तरुण म्हणून तो मनापासून करणारा हवा. त्याला नुसता आचरट करू नका.

दारं

आता मुख्य गोष्ट. रंगमंचावर दोन खोल्या शेजारी-शेजारी असतात आणि प्रेक्षकांना दोन्ही एकाच वेळी दिसतात. बैठकीच्या खोलीला एक दार कॉरिडॉरचं, एक छोट्या स्वयंपाकघराचं. झोपण्याच्या खोलीला एक कॉरिडॉरचं, एक बाथरूमचं, एक भिंतीतल्या कपाटाचं. आणि दोन खोल्यांच्या मध्ये सहावं. ही मधली भिंत पूर्ण बांधायची नाही, नाहीतर कडेला बसलेल्यांना अर्धंच नाटक दिसेल. आम्ही दाराची चौकट आणि तिच्या दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढी भिंत एवढंच ठेवलं. नेपथ्याचा आराखडा पक्का करण्यापूर्वी पहिल्या रांगेच्या दोन्ही टोकांच्या खुर्च्यांवर स्वतः बसून बघा.

दार कुठल्या बाजूला उघडावं? कॉरिडॉरची, बाथरूमची, स्वयंपाकघराची दारं विंगेकडे, म्हणजे बाहेर उघडू द्या, आणि बाजूच्या भिंतीत असतील तर बिजागरी प्रेक्षकांपासून लांबच्या अंगाला. म्हणजे दार उघडताच नटाचा चेहरा समोर येतो. पण याची एक किंमत आहे: आत येणाऱ्याला दार स्वतःकडे ओढून मग आत शिरावं लागतं. म्हणून प्रत्येक दारामागे दोन पावलं मागे सरकण्याइतकी मोकळी जागा सोडा. तिथे खुर्ची, पंखा, कोट अडकवायचा स्टँड काही नको. कपाटाचं दार मात्र रंगमंचाकडेच उघडावं, कारण आत लपलेला माणूस प्रेक्षकांना दिसण्यातच गंमत आहे.

दारं भरीव घ्या. पोकळ दार जोरात लावलं की पत्र्याचा डबा पडल्यासारखा आवाज येतो, आणि १९३४ च्या महागड्या हॉटेलात तसा आवाज कोणी ऐकून घेतला नसता. आम्ही पाडलेल्या घरांचं सामान विकणाऱ्या दुकानातून सहा जुनी लाकडी दारं आणली. एकेक तीसेक किलोचं. प्रत्येकाला तीन बिजागऱ्या. चौकट फ्लॅटला ठोकायची नाही, ती स्वतंत्र उभी करायची. मागून दोन तिरके टेकू द्यायचे, टेकूंच्या पायाशी वाळूची पोती ठेवायची. मग दार कितीही आपटा, भिंतीवरचं चित्र हलत नाही. हे चित्र म्हणजे माझी परीक्षा होती. चौकटी उभ्या राहिल्यावर मी प्रत्येक दार दहा-दहा वेळा आपटलं आणि चित्राकडे बघत राहिले.

मुठी आणि कड्या याबद्दल मात्र आमचं चुकलं. जुन्या दारांच्या जुन्या पितळी मुठी इतक्या सुंदर होत्या की त्या तशाच ठेवायचा मोह झाला. दुसऱ्या प्रयोगाला दुसऱ्या अंकात टीटोने झोपण्याच्या खोलीचं कॉरिडॉरचं दार आतून उघडायला मूठ फिरवली आणि मूठ त्याच्या हातात आली. दार बंद. त्याने मुठीकडे पाहिलं. मग ती छातीशी धरली, जशी मारियाची चिठ्ठी धरतो तशीच, आणि मधल्या दारातून बैठकीच्या खोलीत जाऊन तिथल्या दाराने बाहेर पडला. लोक पोट धरून हसत होते. पण मला विंगेत घाम फुटला होता, कारण बरोबर चार मिनिटांनी मॅक्सला त्याच दारातून आत यायचं होतं. माझ्या मदतनीस मुलीने मागून स्क्रूड्रायव्हरने कुलपाची आख्खी पेटी काढली आणि दाराला पडलेल्या भोकात काळा टेप लावला. मॅक्स आला तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं, त्याने ते खांद्याने धरून लावलं. त्याच रात्री आम्ही सहाही दारांची आतली कुलपं काढून टाकली. मूठ नुसती शोभेची, आरपार बोल्टने कसलेली. दार धरून ठेवायला चौकटीत वरच्या बाजूला एक चाप, ज्यात दार खटकन बसतं आणि थोड्या ओढीने सुटतं. ज्या दाराला नाटकात कुलूप लागतं, तिथे किल्लीचा आवाज नटाने किल्ली हलवून करावा आणि बाकीचं अभिनयाने दाखवावं. तुम्ही हे पहिल्या दिवसापासून करा.

दारांचा तक्ता

संहितेच्या प्रत्येक पानाशी एक कागद लावा. त्यावर सहा रकाने, एकेका दाराचा. प्रत्येक रकान्यात त्या क्षणी दार उघडं, लोटलेलं की बंद, आणि दारामागे कोण उभं. मी दारांना आकडे दिले आणि तेच आकडे चौकटींच्या मागे खडूने मोठे लिहिले. नटांना ‘बाथरूमचं’, ‘कॉरिडॉरचं’ म्हणून सांगितलं की घाईत गोंधळ होतो, कारण कॉरिडॉरची दोन आहेत. ‘चार नंबर’ म्हटलं की पाय आपोआप वळतात.

दोन विदूषकांपैकी एक आत आणि एक बाहेर अशी अदलाबदल सतत होते, आणि बाहेरचा माणूस नेपथ्याच्या मागून पळत दुसऱ्या दाराशी जातो. ही मागची वाट नाटकाइतकीच बसवावी लागते. आमच्याकडे ती सुमारे बावीस फूट होती. दोन विदूषक समोरासमोर आले तर कोणी भिंतीकडच्या अंगाने जायचं, कोणी पडद्याकडच्या, हे ठरवलं. अंधारात चमकणारा टेप टेकूंच्या पायाशी लावला. पोती कडेने रचली. पाण्याच्या बाटल्या वाटेत ठेवायच्या नाहीत, हे मी रोज सांगत होते आणि रोज कोणीतरी एक ठेवतच होतं.

तालमींच्या खोलीत जमिनीवर टेप लावून दारं दाखवतात. त्या टेपवर विसंबू नका. मी घड्याळ लावून बघितलं: टेपच्या दारातून नट एका सेकंदाच्या आत जातो. खऱ्या दाराची मूठ धरून, ओढून, आत येऊन, मागे लावून जायला अडीच सेकंद लागतात. एका प्रसंगात सहा एन्ट्र्या असतील तर नऊ-दहा सेकंदांचा फरक पडतो, आणि फार्समध्ये नऊ सेकंद म्हणजे शांतताच. दिग्दर्शक मग रंगीत तालमीला सगळं पुन्हा बसवत बसतो. सहा आठवड्यांची तालीम असेल तर दुसऱ्या आठवड्यापासून निदान चौकटी आणि दारं उभी हवीत, रंग नसला तरी चालेल. पहिले तीन आठवडे सगळं हळू करा. कोण कुठल्या पावलावर मूठ धरतो, कुठल्या हाताने लावतो, हे मोजून बसवा. वेग चौथ्या आठवड्यात वाढवा. आधीपासून वेग लावला की नट धावतात आणि वाक्यं विझतात.

हसवायचं नाही

आमचा मॅक्स दातांचा डॉक्टर असल्यामुळे त्याला आजारी, घाबरलेली माणसं रोज दिसतात. तरी तालमीच्या पहिल्या आठवड्यात टीटो मेला असं वाटतं त्या प्रसंगात त्याने डोळे फिरवले, छाती बडवली, गुडघ्यावर पडला. कोणी हसलं नाही. दिग्दर्शिकेने त्याला थांबवलं आणि एवढंच विचारलं, “तुझ्या खुर्चीत पेशंट असा पडला तर तू काय करशील?” तो गप्प झाला. मग त्याने टीटोचं मनगट हातात घेतलं, नाडी शोधली, पुन्हा शोधली, आणि हात अगदी जपून परत चादरीवर ठेवला. खोलीत शांतता. त्याच शांततेत सॉन्डर्स आला आणि पहिली चिंता बोलून दाखवली ती प्रयोगाची. सगळे जण फुटले.

या नाटकात सगळ्या माणसांचं काहीतरी खरंच पणाला लागलेलं आहे, ते नटांना आधी सांगा. १९२९ ची पडझड होऊन पाचच वर्षं झालीत. विकलेल्या तिकिटांचे पैसे परत करायचे म्हणजे ऑपेरा कंपनीला कुलूप. सॉन्डर्स पैशासाठी हपापलेला नाही, तो बुडायला आलेला आहे. मारिया भांडखोर नाही, नवऱ्याकडून पुन्हा-पुन्हा दुखावलेली आहे. आमच्या मारियाने आरडाओरडा कमी केला आणि बॅग भरताना प्रत्येक कपडा नीट घडी घालून ठेवायला लागली, तेव्हापासून तिच्या प्रसंगाला टाळी पडू लागली.

आमच्या कलाकारांना मी क्लीव्हलंडबद्दलही सांगत असे. खिडकीबाहेर आम्ही टर्मिनल टॉवर ही तिथली उंच इमारत रंगवली. ती १९३० मध्ये उघडली, म्हणजे नाटकाच्या वेळी अगदी नवी. न्यूयॉर्कची मेट्रोपॉलिटन ऑपेरा दौऱ्यावर या शहरात यायची, सेव्हरन्स हॉल हे इथलं संगीत सभागृह १९३१ चं. म्हणजे या गावाला गाण्याची खरी भूक होती. ‘लहान गावातले बावळट लोक’ असं समजून खेळलं तर नाटक कडवट होतं.

एक जागा मला अजून टोचते. दुसऱ्या अंकात मॅगी ज्याच्याजवळ जाते तो टीटो आहे असं तिला वाटतं, असतो मॅक्स. १९८६ मध्ये नाटक पहिल्यांदा लंडनला आलं तेव्हाच्या प्रेक्षकांनी यावर फार विचार केला नसेल, आजचे करतात, आणि केलाच पाहिजे. आम्ही तिथे दोन गोष्टी केल्या. तो प्रसंग एक-एक स्पर्श ठरवून बसवला, मॅगी करणाऱ्या मुलीच्या होकाराने. आणि शेवटी मॅक्स गातो आणि मॅगी त्याला आवाजावरून ओळखते, त्या जागेला आम्ही भरपूर वेळ दिला. ती ओळखते, मग विचार करते, मग निवड करते. या तीन वेगळ्या गोष्टी प्रेक्षकांना दिसल्या पाहिजेत.

रंगभूषा आणि पोशाख

दोन्ही विदूषकांचे पोशाख एकाच ताग्यातून, एकाच शिंपिणीकडून, एकाच दिवशी बेतून घ्या. पांढरा रंग पांढराच असतो असं वाटतं, पण दोन ताग्यांतले दोन पांढरे दिव्याखाली एक निळसर आणि एक पिवळट दिसले. आम्हाला एक पोशाख पुन्हा शिवावा लागला. पाठीला वेल्क्रो, बटणं फक्त दिसायला. सैल अंगरखा, मोठी काळी बटणं, गळ्याला फुगीर झालर. ती झालर हनुवटीपर्यंत येते आणि दोघांच्या जबड्यातला फरक झाकते. ओतेल्लोच्या पोशाखात एवढी सोय कुठली!

पांढरा रंग सगळीकडे लागतो: सॉन्डर्सच्या काळ्या कोटाला, मॅगीच्या गाऊनला, चादरीला. रंगावर पावडर नीट थापून बसवा आणि कोट, गाऊन यांचे दुसरे नग कपडेपटात ठेवा. भुवया आणि ओठ कसे काढायचे याचा एक साचा प्लॅस्टिकच्या कागदावर कापून घ्या, म्हणजे दोन्ही चेहरे रोज सारखे होतील.

प्रॉपर्टीबद्दल एकच. मारियाची चिठ्ठी रोज खरी लिहिलेली ठेवा, पूर्ण मजकुरासह. एका रात्री मॅक्सची वाक्यं गेली, तेव्हा तो वाचूनच तरला.

ते द्वंद्वगीत

पहिल्या अंकात टीटो मॅक्सला गळा मोकळा करायला शिकवतो आणि मग दोघे व्हर्दीच्या ‘डॉन कार्लो’तलं मैत्रीच्या शपथेचं द्वंद्वगीत गातात. ही नाटकाची नाळ आहे. इथे मॅक्सचा आवाज ऐकून प्रेक्षकांना वाटलं पाहिजे की अरे, हा खरंच गाऊ शकतो. तरच पुढे तो टीटो म्हणून खपतो. इथे रेकॉर्ड लावून ओठ हलवणारी मंडळं मी पाहिली आहेत. त्यांचा दुसरा अंक उभाच राहत नाही.

व्हर्दी १९०१ मध्ये गेले, त्यामुळे संगीतावर हक्क नाही. पण रेकॉर्डिंगवर असू शकतो, मध्यंतरात काही वाजवायचं असेल तर ते तपासा. अमेरिकेत १९२३ च्या आधीची ध्वनिमुद्रणं आता सर्वांसाठी खुली आहेत. कारुसो आणि स्कॉत्ती या इटालियन ऑपेरा गायकांनी हेच द्वंद्वगीत १९१२ मध्ये ध्वनिमुद्रित केलं. दोघांना ते रोज ऐकायला लावा. खरखर सोडून द्या आणि दोन आवाज तिसऱ्या स्वराच्या अंतराने हातात हात घालून कसे चालतात ते ऐका. मूळ पट्टी हौशी गळ्यांना उंच पडते, आम्ही एक पूर्ण स्वर खाली उतरवलं. कोणाला काही कळलं नाही.

उच्चारांसाठी इटालियन शिकवायला कोणी मिळेना. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या कामात माझं मराठी उपयोगी पडेल. गाण्याचा पहिलाच शब्द ‘दीओ’, म्हणजे देव. अमेरिकन नटाच्या तोंडून तो ‘डीओ’ निघतो, कारण त्यांचा ‘ड’ हिरडीवरून येतो. इटालियन ‘द’ आणि ‘त’ आपल्यासारखेच दातांवर. मी त्यांना ‘दात’ म्हणायला लावलं. दात, दात, दात. मॅक्स डॉक्टरच दातांचा, त्याला शब्दाचा अर्थ सांगितल्यावर त्याने तो जन्मभरासाठी पाठ केला. मग ‘नेल्लाल्मा’तला ‘ल्ल’. इंग्रजीत दुहेरी व्यंजन उच्चारात टिकत नाही, म्हणून त्यांना ‘गल्ली’, ‘किल्ली’ म्हणायला लावलं, जीभ क्षणभर तिथेच धरायची. तीन तालमींत फरक पडला. शेवटच्या प्रयोगानंतर प्रेक्षकांतल्या एका म्हाताऱ्या इटालियन बाईंनी टीटोला विचारलं की तुझे आजी-आजोबा कुठले.

हशा धरणं

पहिल्या प्रयोगापर्यंत नटांना कुठे हशा येईल हे माहीत नसतं, आणि जिथे तो येतो तिथे ते पुढचं वाक्य रेटतात. हशा चढताना थांबा, तो माथ्यावरून उतरायला लागला की बोला. पूर्ण विझू देऊ नका. थांबलेलं असताना पात्राने विचार करत राहायचं, हशाची वाट बघत उभं राहायचं नाही. शनिवारी दुपारच्या प्रयोगाला येणारे वयस्कर प्रेक्षक शब्दांना हसतात, शुक्रवारी रात्रीचे दारांना. दोन्हीकडे एकच वेग चालत नाही, आणि हे सॉन्डर्सला विंगेतून तुम्हीच सांगायचं.

नमस्कार

या नाटकाच्या शेवटी एक सुंदर प्रथा रूढ झाली आहे. पडदा पडल्यावर कलाकार नुसते ओळीत येऊन वाकत नाहीत, तर अख्खं नाटक शब्दांशिवाय दीड-दोन मिनिटांत धावत पुन्हा करून दाखवतात आणि मग नमस्कार करतात. याला निदान चार वेगळ्या तालमी द्या. आमच्याकडे त्यात एकतीस एन्ट्र्या होत्या, प्रत्येक एन्ट्रीला एक आकडा. मी हेडसेटवर आकडे मोजत होते आणि मागे दोन मुली दारांमागे उभ्या राहून दार उघडून द्यायच्या, कारण इतक्या वेगात नटाला स्वतःकडे दार ओढायला वेळ नसतो. तीस किलोचं दार पळत्या माणसाच्या हातावर बसलं तर बोट तुटेल, म्हणून त्या मुलींशिवाय हा भाग करूच नका.

रोज प्रयोगाच्या अर्धा तास आधी, प्रेक्षक आत सोडण्यापूर्वी, सहाही दारांचे स्क्रू कसा, चाप बघा, पोती जागेवर आहेत ना बघा आणि प्रत्येक दार एकदा जोरात लावा. आणि दिव्यांच्या माणसाला सांगून ठेवा: नमस्काराच्या धावपळीतलं शेवटचं दार कपाटाचं, ते आतून बंद होतं, आणि ते खटकन बसल्याचा आवाज आला की मगच काळोख करायचा.